विश्लेषण : चिंध्यांचे पायपुसणे खरेच फुकटात पडते का? कापड, टाके आणि मजुरीचा पूर्ण हिशेब

घटस्थापनेआधी घरातील गोधड्या, चादरी धुवायला निघतात आणि त्याच वेळी पेटीच्या तळाशी पडलेल्या जुन्या साड्याही बाहेर येतात. परभणी, गंगाखेड, जिंतूर, सेलू कुठेही पाहा, या साड्यांचे पूर्वी एकच व्हायचे, ते म्हणजे वाकळ. आता वाकळ शिवणारे हात कमी झाले आणि मोबाइलवर दुसरेच काही दिसू लागले आहे. साडीच्या पट्ट्या फाडायच्या, जाड आकडीच्या सुईने विणायच्या आणि गोल, रंगीत पायपुसणे तयार. ‘टाकाऊतून टिकाऊ’, ‘शून्य खर्च’, ‘घरबसल्या कमाई’ असे त्याचे वर्णन केले जाते. यातील पहिली गोष्ट बरीचशी खरी आहे. उरलेल्या दोन तपासून घ्यायला हव्यात. हे काम कसे होते, कुठे बिघडते आणि त्याचा भाव कसा काढायचा, ते समजून घेऊ.

वाकळ आणि हे विणकाम यात फरक काय?

वाकळ किंवा गोधडी म्हणजे कापडाचे थर. जुनी लुगडी एकावर एक अंथरून सुईने धावदोरा घालत ती शिवतात. त्यात कापड कापडच राहते. क्रोशाच्या कामात मात्र कापडाची पट्टी हाच दोरा होतो. आकडीसारखे टोक असलेल्या एकाच सुईने एका फासातून दुसरा फास ओढत नवे, जाड वस्त्र तयार केले जाते. त्यात सुई-दोरा लागत नाही की माग लागत नाही.

परभणी जिल्ह्याला वाकळ काही नवी नाही. गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मगाव मानले जाते. जनीला दळू लागायला आलेला विठ्ठल पहाटे घाईघाईने देवळाकडे निघाला, आपला शेला तिथेच विसरला आणि जनीची वाकळ पांघरून उभा राहिला, अशी कथा आजही सांगितली जाते. घरातील सर्वांत साधे वस्त्र म्हणून त्या कथेत वाकळच येते.

क्रोशा आपल्याकडे त्या मानाने नवा. हे नाव फ्रेंच भाषेतून आले असून त्याचा मूळ अर्थ आकडी असा आहे. एकोणिसाव्या शतकात ही कला युरोपात पसरली आणि मिशनऱ्यांच्या शाळांमधून भारतात रुजली. आपल्या घरांत ती रुमालांच्या कडा, ताटावरची झाकणे आणि दारावरची तोरणे यांत दिसते. बारीक दोऱ्याऐवजी चिंधी आणि बारीक सुईऐवजी जाड सुई घेतली, की त्याच टाक्यांचे पायपुसणे होते.

कोणते कापड चालते, कोणते नाही?

सर्वांत चांगली ती जुनी, मऊ झालेली सुती साडी. सुती कापड पाणी शोषते, हाताला बसते आणि उभ्या धाग्याच्या रेषेत सरळ फाटते. त्यामुळे कात्रीचे काम वाचते. जुने धोतर, सुती चादर, उशीचे अभ्रेही चालतात. बनियन-टीशर्टचे कापड ताणले जात असल्याने पट्टी आपोआप गोल वळते आणि काम सफाईदार दिसते. मात्र ताणणारे आणि न ताणणारे कापड एकाच पायपुसण्यात मिसळू नये. दोन्हींचा ताण वेगळा असल्याने धुतल्यावर एक भाग आखडतो आणि दुसरा लोंबतो.

पॉलिएस्टरच्या साड्या आता घरोघरी जास्त असतात. त्या विणता येतात, रंगही छान दिसतात, पण त्या पाणी फारसे शोषत नाहीत. न्हाणीघराच्या दाराशी असे पायपुसणे ओलेच राहते आणि फरशीवर सरकते. ते बसायला किंवा पलंगाशेजारी ठेवावे. चूल-शेगडीजवळ तर ठेवूच नये, कारण हे कापड उष्णतेने वितळते आणि अंगाला चिकटते.

आणखी दोन गोष्टी आधीच कराव्यात. कापड धुऊन, वाळवून मगच फाडावे, म्हणजे आटायचे ते आधी आटते. लाल, निळ्या, गडद रंगाचे कापड वेगळे भिजवून रंग जातो का ते पाहावे. विणून झाल्यावर रंग सुटला तर शेजारची पांढरी पट्टी वाचवता येत नाही.

शिंप्याकडचे कातरण बहुधा मागितले की मिळते. पण ते तुकडे लहान असतात. तुकडा जितका लहान तितके जोड जास्त आणि जोड जितके जास्त तितका वेळ जास्त. फुकट मिळालेले कातरण अनेकदा साडीपेक्षा महाग पडते ते यामुळे.

पट्ट्या कशा काढायच्या?

साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि एक मीटरहून थोडी जास्त रुंद असते. जरीचे किंवा जाड काठ आधी काढून टाकावेत. मग साडीच्या लांबीच्या दिशेने सुमारे ४ सेंटीमीटर, म्हणजे दीड इंच रुंदीची पट्टी फाडायला सुरुवात करावी.

येथे एक सोपी युक्ती आहे. पट्टी शेवटपर्यंत फाडू नये. टोकाला दोन बोटे कापड शिल्लक असताना थांबावे आणि पुढची पट्टी त्याच टोकाकडून उलट दिशेने फाडत आणावी. असे नागमोडी फाडत गेले की पूर्ण साडीची एकच सलग पट्टी निघते. एका साडीतून साधारण दीडशे मीटर पट्टी मिळते आणि एकही गाठ मारावी लागत नाही.

वेगळ्या तुकड्यांना मात्र जोड हवा. दोन्ही टोकांना शर्टाच्या काजासारखी छोटी चीर द्यायची. जुन्या पट्टीचे टोक नव्या पट्टीच्या काजातून ओवायचे, मग नव्या पट्टीचे मागचे टोक जुन्या पट्टीच्या काजातून ओढून घट्ट करायचे. गाठीपेक्षा हा जोड सपाट बसतो आणि तळपायाला टोचत नाही. घरी शिलाई मशीन असेल तर टोके तिरपी जोडून शिवणे सर्वांत पक्के.

पट्टी गुंडाळतानाच रुंदी एकसारखी आहे ना ते पाहावे. कुठे अरुंद, कुठे रुंद झाली तर पायपुसण्यात उंचवटे येतात.

विणायचे कसे?

सुई १० मिलिमीटर जाडीची असावी. गावातील लोकर-दोऱ्याच्या दुकानात बहुतेक बारीक सुया असतात. त्यामुळे जाड सुई मागवून घ्यावी लागू शकते. या कामात नव्याने करावा लागणारा खर्च जवळपास एवढाच.

टाकाही एकच पुरतो, तो म्हणजे मुका खांब. सुई आधीच्या टाक्यात घाला आणि पट्टीचा फास ओढून बाहेर काढा. सुईवर आता दोन फास झाले. पुन्हा पट्टी घेऊन ती या दोन्ही फासांतून एकदम ओढा. झाला एक टाका.

सुरुवातीला पट्टीचा एक सैल फास करून त्यात ६ टाके घालायचे आणि फास ओढून घ्यायचा. ही पहिली फेरी. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात २ टाके, म्हणजे १२. तिसऱ्या फेरीत एक सोडून एका टाक्यात दोन, म्हणजे १८. चौथीत दोन सोडून एका टाक्यात दोन, म्हणजे २४. दर फेरीला ६ टाके वाढत जातात. फेरी कुठे सुरू झाली ते कळावे म्हणून पहिल्या टाक्यात रंगीत दोऱ्याची खूण बांधावी.

पायपुसणे वाटीसारखे वर का वळते?

ही नवशिक्यांची सर्वांत मोठी तक्रार. तिचे उत्तर शाळेतल्या भूमितीत आहे.

वर्तुळाची त्रिज्या जेवढी वाढते, त्याच्या सुमारे ६.२८ पट त्याचा परीघ वाढतो. मुका खांब साधारण जेवढा रुंद तेवढाच उंच असतो. म्हणजे एक फेरी विणली की त्रिज्या एका टाक्याने वाढते आणि परिघावर सुमारे सहा टाक्यांची नवी जागा तयार होते. म्हणून दर फेरीला ६ टाके वाढवायचे. खांब हा उंच टाका घेतला तर त्याची उंची रुंदीच्या जवळपास दुप्पट असते. त्यामुळे त्यात दर फेरीला १२ वाढवावे लागतात.

टाके कमी वाढवले तर कडेला कापड अपुरे पडते आणि पायपुसणे वाटीसारखे वर उचलले जाते. जास्त वाढवले तर कडेला झालर येते. हात घट्ट असेल तरीही कडा वळतात. अशा वेळी सुई एक आकडा जाड घ्यावी.

आणखी एक बारकावा असा. दर फेरीत वाढीचे टाके बरोबर एकावर एक आले तर वर्तुळाऐवजी षटकोन दिसू लागतो. वाढीची जागा प्रत्येक फेरीत थोडी पुढे-मागे केली की आकार गोल राहतो. दर तीन-चार फेऱ्यांनी काम जमिनीवर पसरून पाहावे. चूक तिथेच दिसली तर चार फेऱ्या उसवाव्या लागतात, शेवटी दिसली तर सगळेच.

दुप्पट मोठे म्हणजे दुप्पट काम?

नाही. घरगुती विक्रीचा हिशेब सर्वाधिक चुकतो तो याच ठिकाणी.

वर सांगितलेल्या सुई-पट्टीने एक टाका साधारण दीड सेंटीमीटरचा होतो, असे धरू. मग वेगवेगळ्या मापांना लागणारे टाके असे :

– १ फूट व्यास : १० फेऱ्या, ३३० टाके
– २ फूट व्यास : २० फेऱ्या, १,२६० टाके
– ३ फूट व्यास : ३० फेऱ्या, २,७९० टाके
– ४ फूट व्यास : ४० फेऱ्या, ४,९२० टाके

दोन फुटांचे चार फूट केले की माप दुप्पट होते, पण टाके जवळपास चौपट होतात. कापडही चौपट लागते. दोन फुटी पायपुसण्याला साधारण एक साडी लागत असेल तर चार फुटी सतरंजीला चार साड्या लागतील. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण इथे शब्दशः लागू पडते. काम सुरू करण्याआधी घरात त्याच जातीच्या कापडाच्या किती साड्या आहेत ते मोजून घ्यावे.

मजुरी धरली तर भाव किती निघतो?

हात बसलेल्या बाईला चिंधीचा एक टाका घालायला १० सेकंद लागतात, असे गृहीत धरू. १,२६० टाक्यांना साडेतीन तास होतात. साडी फाडणे, पट्टी गुंडाळणे आणि शेवटची टोके आत लपवणे यांना दीड तास. म्हणजे दोन फुटी पायपुसण्याला एकूण पाच तास. नवशिकीला याच्या दुप्पट वेळही लागू शकतो.

आता या पाच तासांचे मोल काय? तुलनेसाठी रोजगार हमीचा दर घेऊ. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात तो दिवसाला २९७ रुपये होता. आठ तासांनी भागले तर तासाला सुमारे ३७ रुपये. पाच तासांचे १८५ रुपये झाले. कापड फुकट धरले तरी मजुरीच एवढी होते. याच हिशेबाने चार फुटी सतरंजीला सुमारे २० तास आणि ७४० रुपये मजुरी येते.

समजा, एखादीने दोन फुटी पायपुसणे २०० रुपयांना विकले. तासाला ४० रुपये पडले. मग गिऱ्हाईक म्हणाले, ‘याच्या दुप्पट आकाराचे करून द्या, ४०० देतो.’ ऐकायला सौदा सरळ वाटतो. पण २० तासांचे ४०० म्हणजे तासाला २० रुपये. त्याच हाताची मजुरी एका ‘हो’ने निम्मी झाली.

म्हणून भाव व्यासावर सांगू नये. पहिले पायपुसणे घड्याळ लावून विणावे, आपला वेग लिहून ठेवावा आणि मोठ्या मापाचा भाव टाक्यांच्या प्रमाणात सांगावा.

दुसरी अडचण बाजाराची. क्रोशाचे खरे काम करणारे यंत्र अजून व्यापारी वापरात नाही, ते हातानेच करावे लागते. पण चिंध्यांची दरी मागावर झपाट्याने निघते. उभे सुती धागे ताणायचे आणि आडव्यात चिंधी भरायची. जुन्या कपड्यांच्या पुनर्वापरासाठी प्रसिद्ध असलेल्या हरियाणातील पानिपतसारख्या ठिकाणांहून आलेला माल बाजारात स्वस्तात मिळतो. त्याच्याशी भावात बरोबरी करायला गेले की हाताची मजुरी बुडते. टिकायचे असेल तर हवे ते माप, हवे ते रंग किंवा गिऱ्हाइकाच्याच घरातील साडी अशा कामाकडे वळावे. आजीच्या लुगड्याचे बसकर करून हवे असणारा माणूस दुकानातल्या पायपुसण्याशी तुलना करत बसत नाही.

‘रिकाम्या वेळेचे काम’ असे का म्हणतात?

या प्रश्नाचे उत्तर गोदावरीच्या दुसऱ्या टोकाला सापडते. गंगाखेडवरून वाहत जाणारी ही नदी आंध्र प्रदेशात समुद्राला मिळते. तिच्या मुखाजवळचे नरसापूर हे गाव क्रोशाच्या लेससाठी प्रसिद्ध आहे. तेथील बायकांनी घरी बसून विणलेली लेस परदेशात जाते.

जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी या बायकांच्या कामाचा अभ्यास करून १९८२ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांचा मुद्दा सरळ होता. या बायका दिवसाचे अनेक तास काम करत, त्यावर व्यापार चाले, पण त्यांना कामगार न म्हणता ‘गृहिणी’ म्हटले जाई आणि त्यांच्या कामाला फावल्या वेळचा उद्योग. वेळ ‘रिकामा’ ठरला की त्याची किंमतही शून्य ठरते. मग मजुरी कमी का, हा प्रश्नच उरत नाही.

‘शून्य खर्चात कमाई’ या शब्दांत हाच धोका लपलेला आहे. खर्च शून्य नसतो. तो करणारीच्या तासांत असतो आणि कुठे लिहिलेला नसतो.

मग हे काम करावे की नाही?

घरासाठी जरूर करावे. भारतात दरवर्षी सुमारे ७८ लाख टन कापडाचा कचरा तयार होतो, असा अंदाज ‘फॅशन फॉर गुड’ या संस्थेच्या २०२२ च्या अहवालात आहे. एका पायपुसण्याने त्यात फरक पडत नाही, पण चांगली सुती साडी आणखी काही वर्षे उपयोगात राहते. परभणी हा कापसाचा जिल्हा. मानवत, सेलूच्या बाजारांत कापसाच्या गाड्या लागतात. तो कापूस पिकवायला काय लागते, हे इथल्या घरांना वेगळे सांगायला नको.

वापरताना काही काळजी घ्यावी :

– गुळगुळीत फरशीवर पायपुसणे नुसते टाकू नये. खाली रबराची जाळी घालावी. घरात वयस्कर माणसे असतील तर ही अट समजावी.
– न्हाणीघराजवळ दोन फुटांपेक्षा मोठे करू नये. ओली चिंधी जड होते, धुवायला पाणी जास्त लागते आणि पावसाळ्यात ती लवकर वाळत नाही. एका मोठ्यापेक्षा आलटून पालटून वापरायला दोन लहान बरी.
– धुतल्यावर पिळू नये. दाबून पाणी काढावे आणि आडवे पसरून वाळवावे. दोरीवर टांगले तर स्वतःच्या वजनाने लांबते.
– एखादी पट्टी सुटली तर लगेच आत ओवून टाका घालावा. एक टोक मोकळे राहिले की फेरी उसवू लागते.

विक्रीसाठी करायचे असेल तर एकटीने गिऱ्हाईक शोधण्यापेक्षा बचत गटातून पुढे जाणे सोयीचे. ‘उमेद’ अभियानाशी जोडलेल्या गटांना ‘महालक्ष्मी सरस’सारख्या प्रदर्शनांत माल मांडण्याची वाट असते. परभणीत वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे सामुदायिक विज्ञान महाविद्यालय आहे आणि तेथे वस्त्र हा शिकवण्याचा विषय आहे. कापडाची निवड, रंगाचा पक्केपणा अशा शंकांसाठी जिल्ह्यातच विचारायला जागा आहे.

गटाने काम घेताना एक वही मात्र ठेवावी. प्रत्येक नगाला किती कापड लागले, किती तास गेले आणि किती पैसे आले, असे तीन रकाने पुरेत. पाच-सहा नग झाले की कोणते माप परवडते आणि कोणत्या मापाला नाही म्हणायचे, ते त्या वहीतच दिसेल.